फुगलेली फळी कोणाच्या खात्यात? घरात पाणी साचल्यानंतर बसवलेल्या सामानाच्या मूल्यांकनाचे एक प्रकरण

पुण्यात कोथरूडमधील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत, चौथ्या मजल्यावर, ७२० चौरस फूट चटईक्षेत्राची ही सदनिका आहे. सदनिका एका निवृत्त शिक्षिकेच्या नावावर असून त्या आणि त्यांचे यजमान गणपतीसाठी कोकणात गावी गेलेले असताना स्नानगृहातील गिझरला जोडलेला लवचीक कनेक्शन पाइप नटापाशी फुटला. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येत असले तरी संस्थेची गच्चीवरची टाकी पंपाने आपोआप भरते, त्यामुळे फुटलेल्या पाइपातून येणारे पाणी थांबण्याचे काही कारणच नव्हते. मोरीच्या जाळीवर पायपुसणे सरकून बसले आणि पाणी उंबरा ओलांडून आत शिरले. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या छताला ओल दिसल्यावर सचिवांनी बाहेरचा व्हॉल्व्ह बंद केला, तोपर्यंत दोन्ही शयनगृहे, बोळ, स्वयंपाकघर आणि निम्मा दिवाणखाना येथे सुमारे दीड इंच पाणी साचलेले होते.

दाव्यांच्या कामात वारंवार भेटणाऱ्या गोष्टी एका घरात आणून हे प्रकरण मांडले आहे. त्यामुळे पुढे आलेले दर हिशेबाची रीत दिसावी म्हणून धरलेले आहेत, ते बाजारभावाचे कोष्टक म्हणून वाचू नयेत. पॉलिसीच्या तरतुदी मात्र प्रत्यक्षातल्या आहेत आणि प्रकरणाचा सगळा निकाल त्यांच्यावरच फिरला आहे.

पॉलिसीत काय होते आणि काय नव्हते

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना सक्तीची केली. आग, वादळ, पूर, भूकंप यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या, उपकरणे आणि नळ फुटणे किंवा ओसंडून वाहणे ही घटनाही तिच्यात समाविष्ट आहे, म्हणून पाइप फुटला याबद्दल कंपनीने वाद घातला नाही. वर्षानुवर्षे झिरपणारी ओल या शीर्षकाखाली येत नाही, आणि एकाएकी फुटणे व हळूहळू झिरपणे यांतला फरक दाखवण्यासाठी फुटलेला पाइप जपून ठेवणे फार उपयोगी पडते. प्लंबरने तो नवा बसवून जुना पिशवीत घालून दिला होता, हे त्याचे शहाणपण.

ही पॉलिसी फक्त इमारतीसाठी, फक्त घरातील सामानासाठी किंवा दोन्हींसाठी घेता येते. दोन्ही भाग घेतले तर इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांइतके, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंतचे सर्वसाधारण सामान यादी न देताही संरक्षित होते. या घराची पॉलिसी गृहकर्जाच्या वेळी बँकेच्या सांगण्यावरून घेतलेली होती आणि तीत फक्त इमारत होती. चटईक्षेत्र ७२० चौरस फूट गुणिले बांधकाम खर्च २,५०० रुपये, म्हणजे १८,००,००० रुपये एवढी विमा रक्कम त्यात लिहिलेली होती. सामानाच्या रकान्यात आडवी रेघ होती. कर्ज देणाऱ्याला तारणापुरते संरक्षण हवे असते आणि तारण म्हणजे भिंती. आतल्या वस्तूंशी त्याला कर्तव्य नसते. शिक्षिकाबाईंना ही रेघ दावा दाखल करताना पहिल्यांदा दिसली.

या एका रेघेमुळे मूल्यांकनाचा पहिला प्रश्न किमतीचा राहिला नाही. प्रत्येक वस्तू इमारतीचा भाग आहे की सामान, हे आधी ठरणे भाग होते. दोन्ही भाग घेतलेले असते तर ३,६०,००० रुपयांपर्यंतचे सामान आपोआप संरक्षित झाले असते आणि एखादे कपाट या खात्यात गेले काय की त्या खात्यात गेले काय, फारसे बिघडले नसते. इथे मात्र एका खात्यात पूर्ण भरपाई आणि दुसऱ्यात शून्य अशी स्थिती होती.

पॉलिसीच्या व्याख्येनुसार जमीन, भिंत किंवा छत यांना कायमस्वरूपी जोडलेल्या वस्तू, उदाहरणार्थ बसवलेली स्वच्छतागृहाची भांडी आणि विजेचे वायरिंग, इमारतीत मोडतात. सर्वसाधारण सामानाच्या व्याख्येत फर्निचर, स्वयंपाकघरातील उपकरणे, कपडेलत्ते आणि विजेची उपकरणे येतात, आणि तिथे ‘भिंतीवर बसवलेली धरून’ असे स्पष्ट म्हटले आहे. या दोन व्याख्यांच्या मध्ये आपल्या मध्यमवर्गीय घरातले बरेचसे फर्निचर लटकलेले असते. सुताराने जागेवर बसून बनवलेले भिंतभर कपाट, ओट्याखालच्या ट्रॉल्या, देवघराचे कोनाड्यातले कपाट, लॉफ्टची दारे ही फर्निचर म्हणायची की कायमस्वरूपी जोडणी, याचे सरळ उत्तर पॉलिसीत मिळत नाही.

एका ओळीचे कोटेशन

कंपनीच्या वतीने नुकसानीचे मूल्यांकन करणारे सर्व्हेअर पहिल्यांदा आले तेव्हा बाईंच्या हातात ओळखीच्या फर्निचरवाल्याचे कोटेशन होते: ‘दोन बेडरूम व किचनचे फर्निचर, दारे, रंगकाम, एकरकमी ६,४०,००० रुपये.’ खाली सही होती. मापे, प्लायचा प्रकार किंवा जुन्याचे काय करायचे यांपैकी काहीही नव्हते. सर्व्हेअरने कागद वाचून परत दिला आणि म्हटले, “मॅडम, यात फर्निचर हा शब्द आहे आणि तुमच्या पॉलिसीत फर्निचर नाही. या कागदावर मी एक रुपयाही लिहू शकत नाही.”

हे बोलणे कडवट वाटले तरी चुकीचे नव्हते. असे कोटेशन ग्राहकाच्या भल्यासाठी आकडा फुगवून दिले जाते आणि नेमके त्याच्याच मुळावर येते, कारण त्यात बुडालेले आणि न बुडालेले, इमारतीचे आणि सामानाचे, जुन्या दर्जाचे आणि नव्या हौसेचे असे सगळे एकत्र कालवलेले असते. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४-यूएमनुसार ठरावीक रकमेवरील नुकसानीचे मूल्यांकन परवानाधारक सर्व्हेअरकडून व्हावे लागते, आणि सर्व्हेअरला त्याच्या अहवालातील प्रत्येक ओळ पुढे समर्थनीय ठेवावी लागते. एकरकमी आकड्याचे समर्थन कोणालाच करता येत नाही.

पुढची पायरी म्हणून यजमानांनी घरातील प्रत्येक बसवलेल्या वस्तूचा एक कागद केला. वस्तू कुठे आहे, लांबी-रुंदी-खोली, कशाची बनलेली, भिंतीला वा जमिनीला कशी जोडलेली, पाण्याची रेघ कुठवर, आणि काढल्यास मागे काय उरते, एवढ्याच गोष्टी त्यात होत्या. किंमत मुद्दाम लिहिलेली नव्हती. भिंतीला टेप लावून काढलेली छायाचित्रे सोबत होती. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत मोलाचा कागद हाच ठरला. दर कोणीही विचारून आणू शकतो, वर्णन मात्र घरात राहणाऱ्यालाच नीट करता येते.

काढले तर काय उरते?

आतल्या शयनगृहातील कपाट ८ फूट रुंद आणि ७ फूट उंच, दोन भिंतींच्या मध्ये बसवलेले होते. त्याला स्वतंत्र पाठ नव्हती. भिंतच पाठीचे काम करीत होती आणि कप्प्यांच्या फळ्या भिंतीत ठोकलेल्या पट्ट्यांवर टेकलेल्या होत्या. वरचा लॉफ्ट कपाटाच्या उभ्या फळ्यांवर पेललेला होता. कपाटामागची भिंत बिनरंगाची होती आणि तिथे स्कर्टिंगही नव्हते, म्हणजे घर पहिल्यांदा तयार करतानाच ही जागा कपाटासाठी सोडलेली होती. मुलांच्या खोलीतील कपाट मात्र दुकानातून आणलेले, पार्टिकल बोर्डाचे (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे), चारही बाजूंनी पुरे असलेले आणि पुढे कलंडू नये म्हणून एका कोनपट्टीने भिंतीला अडकवलेले होते.

दोन्ही कपाटे भिंतीला स्क्रूने जोडलेलीच होती, पण त्यांच्यातला फरक यजमानांच्या कागदावरच्या शेवटच्या रकान्यात उघड झाला. दुकानातले कपाट काढले तर हातात कपाट उरते. जागेवर बनवलेले काढले तर हातात फळ्या उरतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ मध्ये जमिनीशी संलग्न वस्तूची व्याख्या करताना, भिंतींसारख्या पक्क्या गोष्टीला तिच्याच कायमस्वरूपी लाभदायक उपभोगासाठी जोडलेली वस्तूही संलग्न मानली आहे. हा कायदा विम्याचा नव्हे आणि सर्व्हेअरवर तो थेट बंधनकारकही नाही, परंतु वस्तू स्वतःच्या सोयीसाठी भिंतीला टेकवली आहे की खोलीची सोय म्हणून भिंतीत गुंतवली आहे, ही त्यातली कसोटी इथे अगदी चपखल बसली. शिवाय विमा करारातील संदिग्ध मजकुराचा अर्थ तो मजकूर लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावावा, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी मानलेले आहे. बाईंनी हे दोन्ही मुद्दे अर्ध्या पानाच्या पत्रात मांडले. कंपनीने जागेवरचे कपाट इमारतीत धरले आणि दुकानातले सामानात, म्हणजे पॉलिसीबाहेर, टाकले. मला ही विभागणी न्याय्य वाटते.

ट्रॉल्यांच्या बाबतीत मात्र दोन मते संभवतात. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या लाद्या होत्या आणि ट्रॉल्यांचे चॅनेल त्या दगडात भोके पाडून बसवलेले होते. जाळ्या स्टीलच्या असल्याने त्यांना काही झाले नाही, पण सर्वांत खालच्या ओळीतील चारपैकी तीन फ्रंट (दर्शनी फळ्या) एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचे, असल्याने कडांना फुगले होते. स्वयंपाकघरातील उपकरण म्हणून ट्रॉलीला सामानात ढकलता आले असते. सर्व्हेअरने तसे केले नाही. त्यांचे म्हणणे असे की उपकरण म्हणजे मिक्सर किंवा शेगडी, म्हणजे जे उचलून दुसऱ्या घरी तसेच वापरता येते. दगडाच्या मापाने बनवलेली ट्रॉली दुसऱ्या ओट्याखाली बसतच नाही. दुसऱ्या सर्व्हेअरने उलट निर्णय दिला असता तरी तो अगदीच निराधार म्हणता आला नसता.

गिझरपाशी मात्र वादाला जागाच नव्हती. फुटलेल्या पाइपाची धार थेट गिझरच्या झाकणावर बसून आतला थर्मोस्टॅट आणि जोडण्या खराब झाल्या. गिझर चार बोल्टांनी भिंतीला बसवलेला असतो, मग कमोड इमारतीत आणि गिझर बाहेर असे का, असा बाईंचा प्रश्न होता. तर्काला धरून तो बरोबर होता. पण भिंतीवर बसवलेली विजेची उपकरणे सामानात, असे पॉलिसीनेच म्हटल्यावर तर्क संपतो. ९,८०० रुपयांचा नवा गिझर त्यांना स्वतःच्या खर्चाने घ्यावा लागला.

लाकूड लगेच बोलत नाही

मूल्यांकन कधी करायचे हा प्रश्न वर्गवारीइतकाच महत्त्वाचा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ भिजले की काही तासांत कडांना फुगतात आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाहीत, त्यामुळे त्यांचा निकाल पहिल्याच दिवशी लागतो. प्लायवूडचे तसे नसते. आयएस ३०३ या भारतीय मानकाच्या एमआर दर्जाचा, म्हणजे बाजारात ज्याला कमर्शियल म्हणतात तो प्लाय दमट हवा सोसतो, पण पाण्यात उभा राहिला तर त्याच्या थरांमधला गोंद हळूहळू सुटतो आणि पापुद्रे दिसायला काही दिवस जातात. आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय उकळत्या पाण्याच्या चाचणीला उतरणारा असतो, तो दीड इंच पाण्यातून बहुधा सुखरूप निघतो. फ्लश दरवाजा तर भिजलेला असताना सरळ दिसतो आणि वाळताना वाकतो. सागवानी चौकटीला बहुतेक वेळा पॉलिशपलीकडे काही होत नाही.

म्हणून पहिल्या भेटीत सर्व्हेअरने फक्त नोंदी केल्या आणि दुसरी पाहणी घर वाळल्यावर ठेवली. भाद्रपदातली हवा, खिडक्या उघड्या ठेवल्या तरी ओलसरच. पंखे लावून आणि कपाटाचे पायथ्याचे पाटे काढून वारा खेळता ठेवला तेव्हा कुठे भिंतींचा खालचा फूटभर भाग हाताला कोरडा लागू लागला. या मधल्या काळात फर्निचरवाला “काकू, मोडून टाकू या, वास येईल” असे रोज म्हणत होता. बाईंनी त्याला हात लावू दिला नाही. मोडून भंगारात गेलेल्या फळीचे मूल्यांकन कोणालाही करता येत नाही, एवढी साधी गोष्ट. पण घाईत भली भली माणसे ती विसरतात.

दुसऱ्या पाहणीत कपाटाच्या उभ्या फळ्यांचे तळाकडचे पाच-सहा इंच सुटलेले दिसले आणि तळफळी व पायथा गेलेला होता. शटर मात्र चार इंचांच्या पायथ्यावर सुरू होत असल्याने पाण्याच्या रेघेच्या वर राहिले होते. त्यांचे सनमायका, बिजागऱ्या आणि मुठी ठणठणीत होत्या. इथे तीन मते पुढे आली. फर्निचरवाल्याच्या मते पूर्ण कपाट नवे करावे: ५६ चौरस फूट गुणिले १,४५० रुपये, म्हणजे ८१,२०० रुपये. सर्व्हेअरच्या पहिल्या मते खालचा फूटभर भाग कापून नवा जोड द्यावा. तिसऱ्या, कामावरच्या जुन्या सुताराच्या मते जोड देणे चुकीचे, कारण त्याच उभ्या फळ्यांवर लॉफ्टचा भार आहे आणि जोडावर भार टाकला की काही दिवसांत शटर घासू लागतील. पण शटर फेकण्याचेही कारण नाही. हेच मत शेवटी टिकले. सांगाडा नवा ५६ चौरस फूट गुणिले ८५० रुपये, म्हणजे ४७,६०० रुपये. शटर उतरवून पुन्हा बसवण्याचे ६,००० रुपये. आणि काम चालू असताना लॉफ्टला तात्पुरता आधार देण्याचे २,५०० रुपये. एकूण ५६,१०० रुपये.

या आकड्यातील शेवटच्या दोन ओळी लोक मागायचेच विसरतात. बसवलेल्या वस्तूची किंमत म्हणजे केवळ तिच्यातल्या मालाची किंमत नव्हे. ती सोडवणे, बाजूच्या शाबूत गोष्टी जपणे आणि पुन्हा बसवणे हा त्याच दुरुस्तीचा भाग आहे.

प्लायच्या दर्जाचा वाद वेगळाच निघाला. नवे कोटेशन मरीन प्लायचे होते. जुने काम कोणत्या प्लायचे होते याचे बिल नव्हते. बाईंच्या हिशेबाच्या वहीत सुताराला दिलेल्या रकमा तारखेसह होत्या, पण माल कोणता ते नव्हते. लॉफ्टच्या न भिजलेल्या फळीच्या मागच्या बाजूला, जिथे सनमायका लावलेला नसतो, आयएस ३०३ आणि एमआर असा शिक्का सापडला आणि वाद मिटला. पूर्वी होते तसे करून देणे ही विम्याची मर्यादा आहे. मरीन प्लाय हवा असेल तर फरक मालकाचा. बाईंनी तो फरक भरून मरीन प्लायच घेतला, आणि स्नानगृहाला लागून असलेल्या भिंतीसाठी तो निर्णय शहाणपणाचाच होता.

फरशी, भिंती, वायरिंग

दिवाणखान्यातील नऊ फरशा नाण्याने ठोकल्यावर पोकळ वाजत होत्या आणि त्यांसाठी पूर्ण खोलीची नवी फरशी मागितली होती. विट्रिफाइड फरशी स्वतः अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही. तिच्याखालचा मसाला सुटू शकतो, पण तो मुळातच नीट भरलेला नसला तरी आवाज पोकळच येतो. सर्व्हेअरने दिवाणखान्याचा पाणी न पोहोचलेला अर्धा भाग ठोकून पाहिला, तर तिथेही पोकळ फरशा निघाल्या. मागणी अर्थातच फेटाळली गेली. कपाटाचा पायथा काढताना शयनगृहातील चार फरशा उखडणार होत्या, तेवढ्यांचे प्रत्येकी ६०० प्रमाणे २,४०० रुपये धरले गेले. त्या रंगाची फरशी आता मिळत नव्हती, म्हणून मिस्त्रीने पलंगाखालच्या चार फरशा अलगद काढून कपाटापुढे लावल्या आणि नव्या, थोड्या वेगळ्या छटेच्या फरशा पलंगाखाली दडवल्या.

जुळणीचा हाच प्रश्न ट्रॉल्यांच्या फ्रंटना आणि रंगाला लागू होता. न बिघडलेली वस्तू केवळ बिघडलेलीशी जुळत नाही म्हणून बदलून देण्याची जबाबदारी पॉलिसी स्पष्टपणे घेत नाही. पण खालच्या ओळीतले तीन फ्रंट एका छटेचे आणि चौथा दुसऱ्या छटेचा अशी दुरुस्ती पूर्वस्थिती आणते असेही म्हणता येणार नाही. सर्व्हेअरने ओळ हे एकक मानून चारही फ्रंट दिले (१०,४०० रुपये), वरच्या ओळी नाकारल्या आणि ओट्याखालच्या १० फूट स्कर्टिंगचे २,२०० रुपये जोडले. रंगाच्या बाबतीत भिंत हे एकक धरले: ओल एक फूट चढली असली तरी रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्यावा लागतो. १२० रनिंग फूट पुट्टीदुरुस्ती ३५ रुपयांनी ४,२०० रुपये आणि ६४० चौरस फूट रंग २२ रुपयांनी १४,०८० रुपये. छत आणि कोरड्या भिंती वगळल्या. वाकलेल्या दोन फ्लश दरवाजांचे प्रत्येकी ९,५०० प्रमाणे १९,००० रुपये मिळाले.

जमिनीलगतच्या सॉकेटांपर्यंत पाणी गेले होते. इलेक्ट्रिशियनने मेगर, म्हणजे तारेचे आवरण शाबूत आहे का हे मोजणारे यंत्र, लावून प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशन रोध लिहून दिला, त्यामुळे कोणते सर्किट बाधित आणि कोणते नाही हे वादाविना ठरले. एका सर्किटच्या वायर आणि सॉकेट बदलण्याचे १४,५०० रुपये मान्य झाले. वायरिंग इमारतीत येते हे व्याख्येतच लिहिलेले असल्याने इथे शंका नव्हती.

विजेच्या वस्तूंच्या बाबतीत एक सावधगिरी सांगण्याजोगी आहे, जरी या घराला तिचा उपयोग झाला नाही. बोळात जमिनीवर ठेवलेला इन्व्हर्टर बंद पडला होता आणि सेवा केंद्राच्या कागदावर ‘बोर्ड शॉर्ट’ एवढेच लिहून आले. एखादे विद्युत यंत्र स्वतःच्या शॉर्टसर्किटमुळे किंवा अतिदाबामुळे बिघडले तर त्या यंत्राचे नुकसान पॉलिसीत वगळलेले आहे. सामानाचा विमा असता तर हे दोन शब्द दावा नाकारायला पुरेसे ठरले असते. बोर्ड शॉर्ट झाला हा परिणाम आणि आत पाणी शिरले हे कारण, दोन्ही त्या कागदावर लिहून घ्यायला हवे होते.

घसारा आणि अंतिम हिशेब

सर्व्हेअरच्या पहिल्या मसुद्यात कपाटावर वयानुसार ५० टक्के घसारा कापलेला होता. बाजारमूल्यावर आधारलेल्या जुन्या अग्निविमा पॉलिसींच्या सवयीतून आलेली ही वजावट होती. ‘भारत गृह रक्षा’मध्ये इमारतीची विमा रक्कमच बांधकाम खर्चावर बेतलेली आहे, अंशतः नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च देण्याची भाषा आहे आणि अपुऱ्या विमा रकमेबद्दल प्रमाणशीर कपात करण्याचा हक्कही कंपनीने सोडलेला आहे. कपाट एकदा इमारतीचा भाग मानल्यावर त्याला इमारतीचेच माप लावायला हवे. वर्गवारीपुरते ते भिंत आणि घसाऱ्यापुरते फर्निचर, असे दोन्ही बाजूंनी चालत नाही. बाईंच्या दुसऱ्या पत्रातील हे वाक्य वाचून कंपनीने वजावट मागे घेतली. त्या मराठी शिकवत असत, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

वायरिंग १४,५००, फरशी २,४००, पुट्टी ४,२००, रंग १४,०८०, दरवाजे १९,०००, कपाट ५६,१०० आणि ओट्याखालचे काम १२,६००, अशी इमारतीची बेरीज १,२२,८८० रुपये झाली. सर्व दर करासह धरलेले होते आणि कामे झाल्यावर कराच्या पक्क्या बिलांवर पैसे मिळाले. राडारोडा हलवण्यासाठी पॉलिसीत दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत तरतूद असते. टेम्पोला ३,००० रुपये लागले, त्यांपैकी २,४५८ रुपये मिळाले. एकूण भरपाई १,२५,३३८ रुपये.

पॉलिसीबाहेर राहिलेल्या सामानाचा हिशेब असा होता: दुकानातले कपाट २४,०००, गिझर ९,८००, इन्व्हर्टर ८,२००, स्टॅबिलायझर २,८००, धुलाई यंत्राची दुरुस्ती ४,६००, दिवाणाची दुरुस्ती ७,५००, सोफ्याचे पाय २,४०० आणि दिवाणातल्या गाद्या-कपड्यांचे ११,५००, मिळून ७०,८०० रुपये. सामानाचा भाग घेतलेला असता तर ही रक्कम ३,६०,००० रुपयांच्या मर्यादेत सहज बसली असती, अर्थात इन्व्हर्टरचा कागद आधी दुरुस्त करून घेतला असता तर.

खालच्या शेजाऱ्यांच्या छताचे काय, हा प्रश्न सचिवांनी संस्थेच्या बैठकीत काढला. सदनिकेच्या आतल्या जोडणीतून झालेली गळती संबंधित सभासदाची आणि बाहेरच्या सामाईक नळांची गळती संस्थेची, अशी विभागणी गृहनिर्माण संस्थांच्या नमुना उपविधींत आहे. शेजाऱ्यांचे नुकसान बाईंच्या पॉलिसीत बसत नव्हते, कारण ती स्वतःच्या मालमत्तेची पॉलिसी आहे, दुसऱ्याच्या नुकसानीच्या दायित्वाची नव्हे. शेजाऱ्यांच्या दिवाणखान्याचे छत त्यांनी आपल्याच रंगाऱ्याकडून, स्वखर्चाने रंगवून दिले.

पुढच्या नूतनीकरणाला त्यांनी सामानाचा भाग जोडला. यादी देणे सक्तीचे नव्हते, तरी यजमानांनी जुना कागद सुधारून तो पॉलिसीसोबत ठेवला आहे. नव्या कपाटाचे बिल देताना सुताराने मापे आणि प्लायचे मानक लिहिले आहे, आणि सनमायका चिकटवण्याआधी प्रत्येक फळीवरच्या शिक्क्याचे छायाचित्र काढून घेतले आहे.